चिडलेला श्रोता आणि मारेकरी

एखाद्या कडवट जिभेच्या माणसाचा खून झाला, की मारेकऱ्याचा शोध लागण्यापूर्वीच आपल्याकडे मृताच्या जिभेची चौकशी सुरू होते. तो काय बोलला होता? कोणाला बोलला होता? एवढे बोलण्याची गरज होती काय? या प्रश्नांची उत्तरे हाती आली की बहुतेकांचे समाधान होते, आणि बंदूक घेऊन आलेल्या इसमाकडे पाहण्याचे राहूनच जाते.

ऑलिव्हर स्टोन यांचा ‘टॉक रेडिओ’ हा १९८८ सालचा चित्रपट पाहून उठणारे प्रेक्षक नेमके हेच करतात, असा माझा अनुभव आहे. सेमिनरीत असताना आम्ही तो व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. पुढे तरुणांच्या मेळाव्यांतून मी तो दोन-तीन वेळा दाखविला. चर्चेत पहिला उद्गार बहुधा ठरलेला असतो : ‘त्याने तोंड आवरले असते तर वाचला असता.’ सुशिक्षित, सुस्वभावी, नियमाने उपासनेला येणारी माणसे हे वाक्य सहज बोलून जातात. या वाक्याशी माझे भांडण आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगतो. अमेरिकेतील डॅलस शहरातील एका नभोवाणी केंद्रावर बॅरी शॅम्पलेन नावाचा निवेदक रात्रीचा कार्यक्रम चालवितो. श्रोत्यांनी दूरध्वनी करायचा आणि त्याने त्यांच्याशी बोलायचे, एवढाच कार्यक्रम. बोलायचे म्हणजे काय, तर टोमणे मारायचे, दुखऱ्या जागी बोट ठेवायचे, रडणाऱ्याची टर उडवायची, ज्यूंविषयी गरळ ओकणाऱ्याला आणखी डिवचायचे आणि मनास येईल तेव्हा फोन आपटायचा. जवळजवळ संपूर्ण चित्रपट काचेच्या भिंतींच्या त्या खोलीत घडतो. एरिक बोगोसियन यांनी स्वतःच्याच नाटकावरून तो लिहिला आणि स्वतःच बॅरी रंगविला. १९८९ च्या बर्लिन महोत्सवात त्यांना रौप्य अस्वल मिळाले ते उगाच नव्हे. द्वेष्ट्यांकडून बॅरीला टपालाने मेलेला उंदीर येतो, धमक्या येतात, तरी तो थांबत नाही. शेवटी श्रोत्यांनाच तो शब्दांनी असा सोलून काढतो, की त्यानंतरची काही क्षणांची शांतता असह्य होते. कार्यक्रम संपवून तो खाली वाहनतळावर येतो. स्वाक्षरी मागण्याच्या मिषाने एकजण जवळ येतो आणि गोळ्या घालतो.

बॅरी हा आदर्श पुरुष नाही. तो आत्ममग्न आहे, क्रूर आहे, स्वतःच्या माणसांशीही कृतघ्न आहे. स्टोन यांनी ते झाकलेले नाही, आणि मीही त्याची वकिली करण्यासाठी लेखणी उचललेली नाही. परंतु चित्रपटाच्या रचनेत एक फसवी जागा आहे. पावणेदोन तास आपण श्रोत्यांचा संताप वाढत गेलेला ऐकतो आणि अखेरीस गोळी ऐकतो. साहजिकच मन हिशेब मांडते : संताप वाढला, म्हणून गोळी सुटली. हा हिशेब चुकीचा आहे, आणि ज्या खऱ्या घटनेवर चित्रपटाचा बराचसा भाग बेतलेला आहे तिच्याकडे पाहिले की तो चुकीचा का, हे समजते.

ती घटना डेन्व्हर शहरातली. ॲलन बर्ग हा शिकागोचा ज्यू वकील वकिली सोडून नभोवाणीवर आला आणि के.ओ.ए. या केंद्रावरून श्रोत्यांशी हुज्जत घालू लागला. रात्रीच्या वेळी त्या केंद्राचे प्रसारण अनेक राज्यांत ऐकू जाई. डेन्व्हरमध्ये एकदा कौल घेतला तेव्हा सर्वांत आवडता आणि सर्वांत नावडता अशा दोन्ही जागी बर्गचेच नाव आले, असे सांगितले जाते. १८ जून १९८४ च्या रात्री तो घरी परतला आणि गाडीतून उतरत असतानाच स्वयंचलित शस्त्राने त्याच्या देहाची चाळण करण्यात आली.

मारणारे कोण होते? ‘तुझ्या बोलण्याने माझ्या आईला रडू आले’ म्हणून धावून आलेला कोणी संतप्त मुलगा नव्हता. फोन आपटला म्हणून अपमानित झालेला कोणी दुकानदार नव्हता. ‘द ऑर्डर’ नावाची गोऱ्या वंशाच्या वर्चस्वासाठी शपथबद्ध झालेली ती टोळी होती. बँका आणि पैशांच्या गाड्या लुटणे, खोट्या नोटा छापणे हा तिचा व्यवसाय. कोणाकोणाला संपवायचे याची यादी तिच्याकडे तयार होती आणि त्या यादीत बर्ग होता. टोळीचा म्होरक्या त्याच वर्षी डिसेंबरात पोलिसांच्या वेढ्यात मरण पावला. १९८७ मध्ये दोघांना शिक्षा झाली ती बर्गच्या नागरी हक्कांचा भंग केल्याबद्दल. प्रत्यक्ष खुनाच्या आरोपाखाली कोणीच दोषी ठरला नाही. टोळीतल्या कोणी कधी त्याच्या कार्यक्रमाला फोन केलाही असेल. पण यादी फोन करून होत नाही. ती थंड डोक्याने, पैसे आणि शस्त्रे जमवून होते.

आणि खरे श्रोते? ते रागावत, शिव्या देत, फोन ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावीत. राग बाहेर पडायला त्यांना एक तार उपलब्ध होती. चिडलेला श्रोता हा निवेदकाचा उत्तम श्रोता असतो, कारण तो शब्द न् शब्द ऐकतो. कौतुक करणारा अर्धवटच ऐकतो. प्रवचन देणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. उपासनेनंतर दाराशी थांबून ‘फादर, आजचे तुमचे म्हणणे मला मुळीच पटले नाही’ असे सांगणाऱ्याने प्रवचन ऐकलेले असते.

म्हणून ‘श्रोत्यांच्या संतापाने त्याचा बळी घेतला’ हे वाक्य त्या असंख्य चिडलेल्या पण निरपराध माणसांची बदनामी आहे. मारेकऱ्यांना मात्र ते सोयीचे असते. आपल्या पातकाचे ओझे जनतेच्या डोक्यावर ठेवण्याची ती युक्ती आहे, आणि ही युक्ती आपल्या महाराष्ट्रात इतकी रुळली आहे की तिच्यासाठी एक खास शब्दच तयार झाला आहे : ‘उत्स्फूर्त प्रतिक्रिया’.

आपल्याकडे बॅरीसारखा नभोवाणीवीर झाला नाही, कारण नभोवाणी दीर्घकाळ सरकारची होती, आणि २००१ मध्ये खासगी एफ.एम. केंद्रे आली तीही स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत या अटीवर. वाद घालणारा निवेदक आपल्याकडे आला तो दूरचित्रवाणीवर. मराठीत या प्रकारचा सर्वांत परिचित माणूस म्हणजे निखिल वागळे. त्यांची शैली मला रुचत नाही, हे आधीच सांगून टाकतो. समोरच्याचे वाक्य पुरे होऊ न देणे हा मला कोणत्याही विचारसरणीत गुण वाटत नाही. पण त्यांच्याबाबतीत काय घडले ते पाहा. ते ‘महानगर’चे संपादक असताना १९९१ मध्ये शिवसैनिकांनी त्या सायंदैनिकाच्या कार्यालयावर हल्ला केला. नोव्हेंबर २००९ मध्ये, सचिन तेंडुलकर यांनी मुंबई साऱ्या देशाची आहे असे म्हटल्यावरून बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांना सुनावले. त्यावर ‘आयबीएन लोकमत’ वाहिनीने टीका केली. आणि वाहिनीच्या मुंबईतील विक्रोळीच्या तसेच पुण्याच्या कार्यालयांत शिवसैनिकांनी घुसून मोडतोड व मारहाण केली. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी पुण्यात ‘निर्भय बनो’च्या सभेला जाताना वागळे यांच्या मोटारीवर हल्ला झाला, काचा फुटल्या, सोबत असलेले असीम सरोदे आणि विश्वंभर चौधरी थोडक्यात बचावले. निमित्त लालकृष्ण अडवाणी यांच्या भारतरत्नाविषयी वागळे यांनी लिहिलेल्या चार शब्दांचे. सभेला विरोध असल्याचे आधीच जाहीर झालेले होते. पोलीस तैनात होते. तरीही हल्ला झाला.

तीन घटना, तेहेतीस वर्षे, पक्ष निराळे, राज्यकर्ते निराळे. समान काय? एकाही वेळी घरी बसून कार्यक्रम पाहणारा, वर्तमानपत्र वाचणारा सामान्य माणूस दगड घेऊन निघाला नव्हता. निघाले ते कार्यकर्ते. कार्यकर्ता रागावत नाही. तो आज्ञा पाळतो, किंवा वरिष्ठाला काय आवडेल याचा अंदाज घेऊन आज्ञेपूर्वीच पाळतो. त्याच्या कृत्याला ‘लोकांचा उद्रेक’ म्हणणारे पुढारी लोकांचा जेवढा अपमान करतात तेवढा वागळे यांनी आयुष्यात केला नसेल.

याहूनही विचित्र प्रकार सप्टेंबर २००७ मध्ये झाला. प्रशांत तमांग हा दार्जिलिंगचा गुरखा तरुण ‘इंडियन आयडॉल’ ठरला आणि दिल्लीच्या एका खासगी एफ.एम. केंद्रावरच्या निवेदकाने गुरख्यांच्या पहारेकरीपणावरून हीन विनोद केला. विनोद निंद्यच होता. केंद्राला माफी मागावी लागली, हे योग्यच झाले. पण दंगल पेटली ती दिल्लीत नव्हे, तर शेकडो मैल दूर सिलिगुडीत. संचारबंदी लागली, लष्कर बोलवावे लागले. दिल्लीच्या एफ.एम. केंद्राचे प्रसारण सिलिगुडीत पोहोचत नाही. मोर्चातल्या आणि मोर्चाविरुद्ध उतरलेल्या जमावांतल्या किती जणांनी तो विनोद स्वतःच्या कानांनी ऐकला होता? ज्यांची डोकी फुटली त्यांचा आणि त्या निवेदकाचा संबंध तरी काय होता? जेवढे ऐकणारे कमी तेवढा ‘श्रोत्यांचा’ क्षोभ मोठा, असा हा उलटा न्याय आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९८९ मध्ये एस. रंगराजन यांच्या तमिळ चित्रपटाच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे, की निदर्शनांच्या आणि हिंसाचाराच्या धमकीखातर अभिव्यक्तीचा गळा दाबता येणार नाही. धमकी देणाऱ्यांना आवरणे हे सरकारचे काम आहे. निकालाला तीन तपे होत आली. सरकारे मात्र अजूनही ज्याला धमकी आली त्यालाच नोटीस बजावतात.

आता प्रतिपक्षाचे बलवान म्हणणे ऐकू. तो म्हणेल, ‘म्हणजे ध्वनिक्षेपक हाती आला की वाटेल ते बोलावे, आणि परिणामांची जबाबदारी कोणावर नाही?’ जबाबदारी आहे, आणि भयंकर आहे. पण ती ओळखण्याची आपली खूण चुकलेली आहे. ज्याच्यावर श्रोते चिडतात तो निवेदक धोकादायक, असे आपण मानतो. माझ्या मते ज्याच्यावर त्याचा एकही श्रोता चिडत नाही, त्याची भीती बाळगावी.

याचा दाखला मला दूर शोधावा लागत नाही, कारण तो माझ्याच पेशातला आहे. फादर चार्ल्स कॉफलिन हे डेट्रॉइटजवळील रॉयल ओक येथील धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू. १९२६ मध्ये त्यांनी नभोवाणीवरून प्रवचने सुरू केली. आवाज मधाळ, भाषा सोपी, विषय गरिबांच्या जिव्हाळ्याचे : बँका, बेकारी, भाकरी. मंदीच्या काळात त्यांच्या श्रोत्यांची संख्या तीन कोटींच्या घरात गेल्याचा अंदाज आहे. पत्रे उघडण्यासाठी कारकुनांचा ताफा ठेवावा लागे. आणि मग हळूहळू त्या मधाळ आवाजात विष उतरले. १९३८ मध्ये त्यांच्या ‘सोशल जस्टिस’ या साप्ताहिकाने ज्यूंच्या जागतिक कटाचा तो कुप्रसिद्ध बनावट दस्तऐवज क्रमशः छापला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत सिनेगॉग जाळली गेली, ज्यूंची दुकाने फोडली गेली. दहा-अकरा दिवसांनी कॉफलिन यांनी नभोवाणीवरून त्या अत्याचाराचे जणू समर्थनच मांडले. न्यू यॉर्कच्या एका केंद्राने त्यांचे प्रसारण थांबविले. शिकागोचे कार्डिनल मंडलाइन यांनी ते ख्रिस्तसभेच्या वतीने बोलत नाहीत असे जाहीर केले. आणि श्रोते? श्रोते न्यू यॉर्कच्या त्या केंद्रासमोर निदर्शने करीत होते. कॉफलिन यांच्याविरुद्ध नव्हे, त्यांच्या बाजूने! १९४२ मध्ये आर्चबिशप मूनी यांनी आदेश दिला तेव्हा कुठे तो आवाज थांबला.

कॉफलिन यांच्या कार्यक्रमात श्रोत्याला फोन करून ‘फादर, हे खोटे आहे’ असे सांगण्याची सोय नव्हती. बॅरीच्या कार्यक्रमात होती. बॅरीने आपल्या ऐकणाऱ्यांना दुखविले. कॉफलिन यांनी आपल्या ऐकणाऱ्यांना कुरवाळले आणि न ऐकणाऱ्यांविरुद्ध पेटविले. या दोन निवेदकांना एकाच तराजूत घालणाऱ्याला मी काय म्हणावे? १९९४ मध्ये रुआंडात, बहुसंख्येने कॅथॉलिक असलेल्या त्या देशात, ‘आरटीएलएम’ हे नभोवाणी केंद्र गाणी, विनोद आणि गप्पांच्या अधूनमधून तुत्सींना ‘झुरळे’ म्हणत होते. शंभर दिवसांत लाखो माणसे कापली गेली. त्या केंद्राचे निवेदक आपल्या श्रोत्यांत अत्यंत लोकप्रिय होते.

आपल्याकडचा प्रकार एवढा टोकाचा नाही म्हणून निश्चिंत राहू नये. मार्च-एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या तबलीगी मेळाव्यावरून अनेक वृत्तवाहिन्यांनी करोनाची साथ एका धर्माच्या माथी मारली. निवेदक ओरडत होते आणि त्यांच्यावर चिडण्याचे कारण प्रेक्षकांना दिसत नव्हते. चीड दुसरीकडे वळविली जात होती. मालेगाव मनमाडपासून जेमतेम चाळीस किलोमीटर. भाजीच्या हातगाडीवाल्याला आधी नाव विचारून मग मेथीची जुडी घेणारी माणसे मी याच गावात, याच डोळ्यांनी पाहिली. एरवी या गावात कोण कोणत्या गाडीने, कोणत्या प्रांतातून उतरला हे कोणी विचारत नाही. जंक्शनच्या गावाला ते परवडतही नाही. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यातले तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि प्रसारमाध्यमांतील अपप्रचारावर कडक ताशेरे ओढले. त्या निवेदकांपैकी कोणाची मोटार फुटली? कोणाच्या कार्यालयात दगड आले? एकाच्याही नाही. फुटू नयेच. पण दगड कोणाकडे जातात आणि कोणाकडे जात नाहीत, यावरून दगड मारणाऱ्याचा राग कितपत खरा आहे हे ओळखता येते.

दुसऱ्यांच्या घरात एवढे डोकावल्यावर आपले दार लावून घेणे शोभणार नाही. २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’ हा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यावर बंदी घाला म्हणून आपल्यातील काही संघटना रस्त्यावर आल्या. मुंबईत उपोषणे झाली. गोव्यात बंदी आलीही. सूचनांच्या पाट्यांसह आणि प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रासह महाराष्ट्रात चित्रपट लागला, आणि ख्रिस्तसभा आहे तेथेच उभी आहे. न पाहिलेल्या चित्रपटाने दुखावलेली भावना ही कोणत्या जातीची भावना? २०१४ च्या डिसेंबरात वरळीत ‘एआयबी’ या मंडळीचा तो शिवराळ कार्यक्रम झाला. पुढे मुंबई महाधर्मप्रांताने आक्षेप नोंदविला आणि त्यांनी ख्रिस्ती समाजाची माफी मागितली. आक्षेप शब्दांनी नोंदविला, ही रीत योग्यच. पण त्याच वेळी त्यांच्यामागे गुन्हे आणि धमक्या यांचा ससेमिरा लागलेला होता, हे विसरून ‘आम्ही त्यांना वाकविले’ अशी फुशारकी आपल्यातल्या काहींनी मारली, ती मला लाजिरवाणी वाटली. भ्यालेल्या माणसाची क्षमायाचना ही कोणत्या समाजाची प्रतिष्ठा वाढविते?

शिवाय ती फुशारकी लवकरच अंगाशी येते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा धमकीचे फोन सुरू झाले. जानेवारी २०२० मधले ते संमेलन बंदोबस्तात पार पडले. फोन करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचे एक तरी पान वाचले होते? आपल्याला तेव्हा जे अन्यायाचे वाटले ते इतरांच्या बाबतीतही अन्यायाचेच असते.

मग न आवडलेल्या आवाजाचे करायचे काय? मराठी माणसालाच साक्षी ठेवून सांगतो. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते असे त्यांचे प्रामाणिक मत. त्यांनी निर्बंध आणले, निर्मात्यांशी तंटा झाला आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते नाहीशी झाली. देश चिडला. पण कोणी आकाशवाणी केंद्रे जाळली नाहीत. लोकांनी फक्त रेडिओचे बटण फिरविले. काटा रेडिओ सिलोनवर गेला, अमीन सयानी यांच्या ‘बिनाका गीतमाले’वर स्थिरावला, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. आमच्या वडीलधाऱ्या पिढीने एका मंत्र्याचे धोरण दोन बोटांनी उलथविले. याला मी श्रोत्यांचा संताप म्हणतो.

ज्याला बटण फिरवून समाधान होत नाही त्याने लिहावे. वृत्तवाहिनीविरुद्ध तक्रार करायची तर प्रसारणापासून सात दिवसांच्या आत प्रथम वाहिनीकडे करावी लागते. तेथे दाद न मिळाल्यास वाहिन्यांनीच नेमलेल्या मानके प्राधिकरणाकडे जाता येते. हे प्राधिकरण दुबळे आहे, दंड किरकोळ आहेत, आणि ज्या वाहिन्या त्याच्या सभासद नाहीत त्या त्याला जुमानीत नाहीत, हे सर्व खरे. तरीही बंगळूरच्या काही नागरिकांनी २०२० मधील त्या तबलीगी प्रसारणांच्या चित्रफिती तपासून, तारखा-वेळा टिपून अशा तक्रारी केल्या. जून २०२१ मध्ये निर्णय लागला. ‘न्यूज १८ कन्नड’ला एक लाखाचा आणि ‘सुवर्णा न्यूज’ला पन्नास हजारांचा दंड झाला.